हस्तातली उघडीप

सप्टेंबरच्या शेवटी पुण्या-मुंबईहून साताऱ्याला येणाऱ्या बहुतेक गाड्या पश्चिमेकडे वळतात. कास, ठोसेघर, बामणोली. कासला जाऊ नये असं मी म्हणणार नाही. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेलेलं ते पठार आहेच तेवढ्या मोलाचं. पण फुलं बघणं वेगळं आणि डोंगर चढणं वेगळं. माथ्यावर उभं राहून चारी दिशा न्याहाळायच्या असतील, तर भाद्रपद सरताना आणि आश्विन लागताना पश्चिमेचे उंच माथे फारसे कामाचे नाहीत. ते अजून ढगात असतात, कातळ शेवाळलेला असतो आणि दोन तास चढून गेल्यावर हाती लागतं ते धुकं. त्या पंधरवड्यात साताऱ्याच्या पूर्वेला यावं. रहिमतपूरला मुक्काम टाकावा आणि रोज सकाळी एक डोंगर करावा.

कारण साधं आहे. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून पूर्वेला सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत माण तालुका आहे, तिथे जेमतेम पाचशे. या दोन टोकांच्या मधोमध कोरेगाव तालुक्यात रहिमतपूर आहे. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीच्या धारेवर रिते होतात आणि इकडे येतात ते बरेचसे हलके होऊन. जून ते सप्टेंबर इथलं गवत वाढतं, ओढे वाहतात, डोंगर हिरवे होतात. पण दिवसचे दिवस न उघडणारी झड क्वचित लागते. आश्विनात तर सकाळी आठ-नऊपर्यंत आभाळ स्वच्छ असतं आणि पावसाने धुतलेल्या हवेत लांबलांबचे डोंगर कडेसकट दिसतात. महिनाभराने हेच डोंगर पिवळे पडतील, दुपार तापेल आणि क्षितिजावर धुरकट पट्टा बसेल. म्हणजे मोका फार तर तीन-चार आठवड्यांचा.

डोंगरांची रचनाही एका दिवसाच्या चढाईला सोयीची. मुख्य सह्याद्रीपासून निघालेली शंभू महादेवाची रांग पूर्वेला शिखर शिंगणापूरकडे जाते आणि तिचे फाटे दक्षिणेला उतरतात. एक फाटा चंदन-वंदनचा. दुसरा वर्धनगडापासून निघून कोरेगाव आणि खटाव तालुक्यांच्या मधून, कऱ्हाडच्या सदाशिवगडावरून थेट सांगली जिल्ह्यातल्या मच्छिंद्रगडापर्यंत जाणारा. तिसरा महिमानगडाचा. रहिमतपूर या दुसऱ्या फाट्याच्या पश्चिमेला, कृष्णेच्या बाजूला आहे. या फाट्यांवरचे आणि त्यांच्यामधल्या मोकळ्या माळावरचे किल्ले पायथ्यापासून अर्ध्या ते दीड तासाच्या चढाचे. दोर नको, तंबू नको, वाटाड्याही सहसा लागत नाही. पायथ्याला गाव, गावात एसटी, माथ्यावर देव.

रहिमतपूर हे पुणे–मिरज लोहमार्गावरचं स्टेशन. गाव जुनं आहे. आदिलशाही सरदार रणदुल्लाखान याची म्हणून ओळखली जाणारी कबर आणि तिच्याजवळची मशीद इथे आहे. शहाजीराजांना बरोबर घेऊन १६३८ मध्ये बंगळूर जिंकणारा तो हाच. मशिदीतल्या कारंज्यासाठी पाणी चढवायला बांधलेला उंच मनोरा मला त्या कबरीपेक्षा जास्त आवडतो, कारण त्यावर हत्तीने चढून मोट ओढावी यासाठी बांधीव उतार केला होता. नाटककार वसंत कानेटकर याच गावचे. ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ लिहिणाऱ्या माणसाचं बालपण अशा मुलखातलं, जिथे परसातून नजर वर गेली की एखादा तरी किल्ला दिसतो, हे मला उगाच जुळलेलं वाटत नाही.

पहिली सकाळ वर्धनगडाला द्यावी. कोरेगावातून पुसेगावकडे, म्हणजे पुढे पंढरपूरला जाणारा रस्ता ज्या घाटातून रांग ओलांडतो, त्या घाटावरच हा किल्ला बसला आहे. तो बांधण्याचं कारणही तेच: पूर्वेकडून येणारी वाट नजरेखाली ठेवणं. शिवाजी महाराजांनी १६७३-७४ च्या सुमारास तो उभारला असं सांगितलं जातं. गावाचं नावही वर्धनगडच. शिरताना दोन तोफा दिसतात. घरांच्या मधून वाट वर जाते, अर्ध्या तासात दरवाजा येतो. बुरुजांच्या आड वळण घेऊन लपवलेला हा दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. तटबंदी अजून बरीच शाबूत आहे, तिच्या कडेकडेने किल्ल्याची पूर्ण फेरी होते.

आम्ही चढलो तेव्हा नवरात्र बसलं होतं. अंधार असतानाच वाट जागी झाली होती. पुढे बायका, मागे पोरं, कुणाच्या हातात तांब्या, कुणाच्या हातात झेंडूची परडी, आणि बहुतेकांचे पाय अनवाणी. नऊ दिवस चपला काढून ठेवायच्या आणि रोज वर्धनीमातेला जाऊन यायचं, असा इथला नेम. पाठीवर पिशव्या आणि पायात जाड तळाचे बूट घातलेले आम्ही दोघं त्या रांगेत जरा विचित्रच दिसत होतो. एका मावशींनी न राहवून विचारलंच, “पाव्हणं, कुठलं म्हणायचं?” पुण्याचे म्हटल्यावर त्यांनी हातातली काठी माझ्या मित्राच्या हातात दिली. “घ्या. वाट सोडून तटाकडं जाणार असशीला तर गवतात पुढं आपटत चला. आमचं काय, आम्ही वाटंनंच जाणार.” वय साठीच्या पुढचं असावं. थांबल्या नाहीत, दम लागला नाही, देवळाशी आमच्या आधी पोहोचल्या.

काठीचा सल्ला मोलाचा होता. आश्विनात या डोंगरांवरचं गवत गुडघ्यापर्यंत येतं आणि दगडांच्या खबदाडीत फुरसं असतं. दिसायला लहान, रंगाने दगडासारखं, विषारी. ते मागे लागत नाही, पण पाय पडला तर सोडतही नाही. ऑक्टोबर पुढे सरकला की कुसळी गवत वाळायला लागतं. त्याची टोकं मोज्यात शिरतात आणि आतल्या आत फिरत कातडीपर्यंत जातात. जाड मोजे घालून गेलेला माणूस संध्याकाळी चिमट्याने कुसळं काढत बसतो. गावकरी अनवाणी चालतात त्यात भक्ती आहेच, पण कुसळ न अडकणं हाही त्याचा एक फायदा आहे, असं तो प्रकार भोगल्यावर माझ्या लक्षात आलं.

वर्धनगडाच्या माथ्यावरून पश्चिमेला कोरेगावचं खोरं, त्यापलीकडे जरंडेश्वर, नांदगिरी आणि चंदन-वंदनची जोडी दिसते. तिकडे हिरवं दाट: ऊस, आलं, हळद. मान वळवून पूर्वेला बघितलं की रंग बदलतो. माळ उघडा होतो, झाडं विरळ होतात, बाजरीची काढणी चाललेली असते आणि ज्वारीसाठी रानं काळी करून ठेवलेली असतात. एकाच जागी उभं राहून सुकाळी आणि दुष्काळी मुलूख शेजारी शेजारी दिसतात. दोन्ही बाजूंचं पाणी मात्र शेवटी कृष्णेलाच मिळतं. पश्चिम उतारावरचं लवकर. पूर्वेचं येरळा नदीतून खटाव, विटा असा लांबचा वळसा घेऊन सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळजवळ.

या पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्याचं महत्त्व औरंगजेबाला फार महाग पडून कळलं. जदुनाथ सरकारांनी औरंगजेबाच्या चरित्रात ती हकीकत तपशिलाने दिली आहे. १७०० च्या एप्रिलमध्ये सातारा आणि जूनमध्ये परळी, म्हणजे आजचा सज्जनगड, घेतल्यावर बादशाही फौज भर पावसात भूषणगडाकडे निघाली. अंतर पंचेचाळीस मैलांचं. जनावरं चिखलात रुतून मेली, नद्या उतरेनात, धान्य मिळेना. ते अंतर काटायला महिन्याहून अधिक काळ लागला. पुढे छावणी माण नदीच्या काठी खवासपूरला पडली. पावसाळा संपला अशी सगळ्यांची समजूत झालेली असताना ऑक्टोबरच्या सुरुवातीला एका रात्री वरच्या डोंगरात कोसळलेल्या पावसाने कोरडी नदी फुगली आणि छावणीत पाणी शिरलं. गोंधळात धावताना बादशहाचा पाय घसरला, उजवा गुडघा निखळला आणि तो पुढे जन्मभर लंगडत राहिला. पुढच्या वर्षी, १७०१ मध्ये, पावसाळ्याच्या मुक्कामासाठी त्याने खटावची जागा निवडली आणि तिथून फतहुल्लाखानाने वर्धनगड, नांदगिरी, चंदन, वंदन हे चारही किल्ले ऑक्टोबरपर्यंत घेतले. वर्धनगड सादिकगड झाला, नांदगिरीचं नामगीर झालं. नावं टिकली नाहीत, किल्लेही थोड्याच वर्षांत परत आले.

त्या खवासपूरच्या रात्रीत डोंगर चढणाऱ्यांनी लक्षात ठेवावं असं काही आहे. सूर्य हस्त नक्षत्रात असतो तेव्हाचा, म्हणजे साधारण २७ सप्टेंबरनंतरचे दोन आठवडे, हा पाऊस वेगळ्या जातीचा. शाळकरी मुली पाटावर हत्ती मांडून हादग्याची गाणी म्हणतात ते हेच दिवस. सकाळ लख्ख असते, अकरानंतर उकडायला लागतं, एकच्या सुमारास पूर्वेला किंवा दक्षिणेला ढगांचे ढीग चढतात आणि तीन-चारला विजांसकट कोसळतो. जमीन तापते, हवेत ओल अजून भरपूर असते, वर वारा मंदावलेला असतो. तेवढ्यावर ढग उभे राहतात. अशा वेळी उघड्या माथ्यावर, एकट्या झाडाखाली किंवा देवळाच्या ध्वजखांबाशेजारी उभं राहणं म्हणजे विजेला बोलावणं. म्हणून इथला नियम एकच: उजाडायच्या आत चढायला लागावं आणि जेवायला खाली यावं. सूर्य या दिवसांत साडेसहाच्या आत-बाहेर उगवतो, त्यामुळे फार पहाटे उठायचंही कारण नाही.

भूषणगडाला दुसरी सकाळ. रहिमतपूरहून औंधाच्या दिशेने रांग ओलांडून पलीकडे उतरलं की खटाव तालुक्याच्या सपाटीत हा किल्ला एकटाच उभा दिसतो. कुठल्याही डोंगराला जोडलेला नाही, त्यामुळे चारही बाजूंनी सारखाच. पायऱ्या आहेत, चढ वीस-पंचवीस मिनिटांचा, साठीतल्या माणसालाही झेपणारा. वर हरणाईदेवीचं देऊळ आहे, आसपासच्या कितीतरी घरांची ही कुलदेवी. नवरात्रात इथे गर्दी होते आणि प्रसादाला कडाकण्या असतात. किल्ला म्हणून पाहण्यासारखं थोडं आहे: वळणातला दरवाजा, तट, पाण्याची मोठी जुनी विहीर. पण औरंगजेबाची हैराण फौज पावसातून वाट काढत कुठे येऊन टेकली, ते या तटावरून खालची सपाटी बघितल्याशिवाय नीट कळत नाही. लांबून येणारा एक बैलही इथून लपत नाही.

परतीच्या वाटेवर औंध लागतं आणि ते टाळू नये. गावामागच्या डोंगरावर यमाईचं मूळपीठ आहे. पायऱ्याही आहेत, गाडीरस्ताही आहे, पायऱ्यांनी जावं. डोंगराच्या उतारावरच श्री भवानी संग्रहालय आहे, औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३८ मध्ये सुरू केलेलं. रविवर्म्याची चित्रं आणि हेन्री मूरचं शिल्प खटावच्या माळावर बघायला मिळतं, यावर पहिल्यांदा येणाऱ्याचा विश्वास बसत नाही. भवानराव स्वतः चित्रकार होते, कीर्तनकार होते आणि सूर्यनमस्काराचे कट्टर प्रचारक होते. संस्थानातल्या शाळांत मुलांना रोज नमस्कार घालायला लावणाऱ्या या राजाने आपल्या प्रजेला १९३९ मध्ये जबाबदार राज्यपद्धतीची घटनाही दिली. आश्विनातच औंधला संगीत महोत्सव भरतो. अंतूबुवा जोशींनी आपले गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ १९४० मध्ये तो सुरू केला. दिवसा डोंगर आणि रात्री गाणं, असा योग जुळवता आला तर जरूर जुळवावा. पाय दुखत असले की विलंबित ख्याल अधिक चांगला ऐकू येतो.

तिसरा डोंगर नांदगिरी, ज्याला कल्याणगडही म्हणतात. सातारा रोडच्या बाजूने जावं लागतं. हे सातारा रोड म्हणजे एके काळी लोखंडी नांगर आणि इंजिनांसाठी प्रसिद्ध असलेल्या कूपर कारखान्याचं गाव; १९३७ मध्ये काही महिने मुंबई इलाख्याचे पंतप्रधान राहिलेले धनजीशा कूपर तेच. पायथ्याच्या शेतांत या दिवसांत वाघ्या घेवड्याची काढणी चाललेली असते. दाण्यावर लाल-तांबूस पट्टे असलेला हा घेवडा कोरेगाव तालुक्याची ओळख आहे, त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. दुपारी खाली आल्यावर त्याची आमटी आणि बाजरीची भाकरी मिळाली तर दुसऱ्या कशाची आठवण काढू नये. नवरात्राचा उपवास असेल तर मात्र भगर आणि दाण्याची आमटी.

समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतीन हजार फूट उंचीचा हा किल्ला तिघांत सर्वांत चांगला चढ देतो. वाट कधी दाट झुडपांतून, कधी उघड्या धारेवरून. तेरडा, सोनकी आणि कुर्डूचे तुरे दोन्ही बाजूंना. पण लोक येतात ते दरवाजाजवळच्या गुहेसाठी. कातळात लांबवर खोदलेली, काळोखी आणि पाण्याने भरलेली. पावसाळ्यानंतर पाणी मांड्यांपर्यंत, कधी कमरेपर्यंत असतं आणि हाडं गोठवणारं थंड. एका हाताने कठडा धरायचा, दुसऱ्या हातात विजेरी, आणि पायाने तळ चाचपत जायचं. डोक्यावर वटवाघळं हलतात. अगदी आत पार्श्वनाथाची मूर्ती आहे, शेजारी दत्त. जैन लेणं आधी, किल्ला नंतर, दत्तभक्त त्यानंतर. कुणी कुणाला हाकललं नाही. फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर धरावा किंवा सरळ बाहेर कुणाकडे तरी ठेवून जावं.

इतक्या उंचावर बारमाही पाणी कसं, हा प्रश्न गुहेतून बाहेर येऊन उन्हात कुडकुडताना पडतोच. हे सगळे डोंगर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे, एकावर एक थर बसत गेलेले, भाकरीच्या चवडीसारखे. घट्ट कातळाचा थर उभा कडा होतो, मऊ सच्छिद्र थर झिजून उतार होतो. म्हणून आपले डोंगर पायऱ्या-पायऱ्यांचे आणि माथा सपाट. दोन थरांच्या सांध्यात पुष्कळदा तांबड्या मातीसारखा पट्टा असतो. वरून मुरलेलं पाणी तिथे अडतं आणि आडवं झिरपतं. टाकी खोदणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक होतं. कुठल्याही किल्ल्यावर टाकी दिसली की आसपासच्या कड्यात तांबडी रेघ शोधावी, बऱ्याचदा सापडते. हे पाणी उकळल्याशिवाय किंवा गाळल्याशिवाय पिऊ नये. माणशी दोन लिटर खालूनच न्यावं.

नांदगिरीच्या कड्यांवर आग्या माश्यांची पोळी दिसतात. त्यांच्याखाली आरडाओरडा करू नये, धूर करू नये, भडक अत्तर लावून जाऊ नये. याबाबत गावातली पोरंसुद्धा कडक आहेत आणि ते बरोबरच आहे.

या तिघांनंतर हातात दिवस उरले तर जरंडेश्वर. वर मारुतीचं मोठं देवस्थान आहे. हनुमंताने नेलेल्या द्रोणागिरीचा तुकडा पडून हा डोंगर झाला आणि म्हणून त्यावर औषधी वनस्पती आहेत, अशी कथा सांगतात. शनिवारी तिथे निवांतपणा मिळणार नाही, बाकी वारी मिळेल. चंदन-वंदनची जोडी मात्र मी आश्विनात टाळतो. दोन माथे, मधली खिंड, पूर्ण दिवसाची चाल. दुपारच्या विजांच्या आत दोन्ही उरकत नाहीत आणि वाढलेल्या गवतात पायवाट हरवते. ती दिवाळी झाल्यावर, गवत कापून गंजी लागल्यावर करावी. तेव्हा जाताना किकलीला थांबून तिथले वीरगळ बघता येतात, आणि चंदनवरून निघून वंदनवर जेवायला पोहोचता येतं.